माझ्या वाट्याचे चौऱ्याऐंशी भागाकार

यशवंता, तुझ्या घरी यायला मला नऊ वर्षं लागली. माझ्या दारापासून तुझं दार चालत दहा मिनिटांवर. कळमनुरीच्या बाजारातून खाली उतरलं की तुमची वस्ती, आणि वस्तीत शिरलं की लिंबापासून तिसरं घर. मला कुणाला विचारावं लागलं नाही. तू पत्ता इतक्यांदा सांगितला होतास की तो पाठच झाला होता. पाठ असून मी आलो नाही, आणि आलो तेव्हा तुला जाऊन बारा दिवस झाले होते.

गावात तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. कंडक्टर असावा तर असा, म्हाताऱ्या बाईला हात देऊन चढवायचा, कुणाचं गाठोडं टपावर राहिलं तर गाडी थांबवायचा. हे सगळं खरं आहे आणि ते सांगायला माझी गरज नाही. मला जे सांगायचं आहे ते या गावात दुसऱ्या कुणाला माहीत नाही. तुला माहीत होतं, आणि हे मला आत्ता कळलं आहे.

मी बाळापूरच्या हायस्कुलात गणित शिकवायला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर तू माझ्यासाठी खाकी बाहीतला एक हात होतास. सकाळच्या गाडीत तो हात तिकीट फाडायचा, चिमट्यानं भोक पाडायचा आणि पुढे जायचा. मग एक दिवस तो हात थांबला. तू तिकिटाचा नंबर वाचलास आणि म्हणालास, "गुरुजी, आज तुमाला गोतावळ्याचा नंबर आला."

मी म्हणालो, "म्हणजे काय?"

"म्हंजे ह्याला दोनानं जातं, तिनानं जातं, चारानं, पाचानं, साहानं, समद्यानं जातं. गोतावळा मोठा हाय."

मी गणिताचा पदवीधर, आणि इतकी वर्षं तिकिटाच्या नंबराकडे नुसतं बघायचंही मला सुचलं नव्हतं. तू मॅट्रिकपर्यंत शिकलेला. पण तू साऱ्या संख्यांची आपली वर्गवारी करून ठेवली होतीस. बारा, साठ, तीनशे साठ या गोतावळ्याच्या. सोळा, पंचवीस या चौकोनी. ज्यांना एक आणि स्वतः यांच्याशिवाय कुणीच भागत नाही, ज्यांना पुस्तकात मूळ संख्या म्हणतात, त्या तुझ्या एकांड्या. आणि अठ्ठावीससारख्या, ज्यांच्या स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज केली की तीच संख्या परत मिळते, त्या 'बराबर'. पुस्तकातलं परिपूर्ण हे नाव मी तुला सांगितलं, तेव्हा तू म्हणालास की बराबरच बरं, परिपूर्ण म्हटलं की देवाधर्माचं वाटतं.

सहा, अठ्ठावीस आणि चारशे शहाण्णव या तीन बराबर संख्या तू स्वतः शोधल्या होत्यास. चौथी सापडत नव्हती. मी फुशारकीनं सांगून टाकलं, आठ हजार एकशे अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडात शिरायच्या आधीच तू दाराच्या दांड्याला लोंबकळत मला हाक मारलीस, "गुरुजी, बराबर हाय, समदे विभाजक जोडून बगितले." बाळापूरच्या शाळेत मी चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गाला शिकवत होतो, पण माझं सांगणं घरी नेऊन कुणी पडताळून पाहिलं असं तोवर झालं नव्हतं. त्या दिवशी मी दिवसभर खुशीत होतो हे तुला कधी सांगितलं नाही.

आता त्या तिकिटावर येतो. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, दिवाळी तोंडावर होती आणि गाडी बाजारच्या माणसांनी भरलेली होती. तू माझं तिकीट फाडलंस आणि तसाच उभा राहिलास. मागून लोक तिकीट मागत होते. तू म्हणालास, "गुरुजी, ह्याला काहीच लागून न्हाई राहिलं."

नंबर होता ९,९७,८४७. विषम. अंकांची बेरीज चव्वेचाळीस, म्हणजे तीन नाही, नऊ नाही. शेवटी सात, म्हणजे पाच नाही. सातानं भागलं तर चार उरतात, अकरानं भागलं तरी चारच. तेरा, सतरा, एकोणीस हे तू अर्ध्या वाटेपर्यंत उभ्या उभ्या तोंडी करून टाकलेस. बाळापूरला उतरताना मी तुला तिकीट परत दिलं आणि म्हणालो, "ठेव तुझ्याकडे. एकांडी निघाली तर मोठी शिकार आहे."

संध्याकाळी परतीच्या गाडीत तू विचारलंस, कुठवर तपासायचं. नऊ लाखांपर्यंत का? मी सांगितलं की हजाराच्या आत थांबायचं, कारण नऊशे नव्याण्णवचा वर्ग या संख्येपेक्षा मोठा आहे. मी पुढे कारण सांगणार तेवढ्यात तूच म्हणालास, "व्हय की. दोघांचा गुणाकार असला तं दोघंबी मोठे कसे राहतील? एक तरी हजाराच्या आतलाच असंल." मी हे कारण नववीच्या वर्गाला फळ्यावर दोनदा समजावतो, तरी निम्मा वर्ग माझ्याकडे बघत बसतो.

चारच दिवसांत तू हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या काढून आणल्यास. वेळापत्रकाच्या जुन्या कागदामागे आकडे मांडून, एकेकाच्या पटीतल्या संख्या खोडत. त्या एकशे अडुसष्ट भरल्या. मी मोजून पाहिल्या, एकही चुकली नव्हती. वाटणीही तूच केलीस, चौऱ्याऐंशी तुला, चौऱ्याऐंशी मला. दोनपासून चारशे तेहेतीसपर्यंत तुझ्याकडे, चारशे एकोणचाळीसपासून नऊशे सत्त्याण्णवपर्यंत माझ्याकडे. "लहान मला द्या, मोठे तुमी घ्या, तुमचं डोकं मोठं," असं म्हणून माझ्या वाट्याची यादी सुंदर अक्षरात लिहून माझ्या हातात दिलीस. मी ती घडी करून कोटाच्या खिशात घातली.

चौऱ्याऐंशी भागाकार म्हणजे किती काम आहे? दोन संध्याकाळी. फार तर तीन. मला सहामाहीचे पेपर तपासायचे होते हे खरं आहे, आणि त्याच आठवड्यात मी तीन संध्याकाळी हेडमास्तरांच्या ओसरीवर पत्ते खेळलो हेही खरं आहे.

अकराव्या दिवशी तू तुझे भागाकार घेऊन आलास. हिंगोलीच्या डेपोत, गाडीच्या टपाखाली सावलीत बसून, मिळेल तिथं केलेले. प्रत्येक भाजकापुढे बाकी लिहिलेली, शेवटचा चारशे तेहेतीस, बाकी दोनशे पंधरा. "गुरुजी, चौऱ्याऐंशी बी झाले, एक बी लागला न्हाई. तुमचं?"

गाडीत आमचे हेडमास्तर होते, इंग्रजीचे देशमुख सर होते. कंडक्टरनं आपलं काम केलं आणि गणिताच्या मास्तरनं केलं नाही, हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "माझंही झालं. कुणीच लागला नाही." आणि ते खरं वाटावं म्हणून पुढे जोडलं, "शेवटचा नऊशे सत्त्याण्णव, त्याला आठशे सत्तेचाळीस उरले."

ती बाकी मी बोलता बोलता काढली होती. कुणालाही काढता येते. नऊशे सत्त्याण्णव हजार वेळा गेले की आठशे सत्तेचाळीस मागे राहतात, ते नंबरातच लिहिलेले आहेत. चौऱ्याऐंशीतला हा एवढा एक भागाकार मी केला, आणि तोही खोटं सजवायला.

तुझा चेहरा मला आठवतो. तू आधी हसलास, मग थोडा थांबलास. म्हणालास, "लई झ्याक. कागद द्या मंग, बाक्या वहीत उतरून घेतो." मी म्हणालो, देतो. घरी जाऊन करून टाकू, कुणाला कळणार आहे, असं माझ्या मनात होतं. आठ दिवसांनी तू परत विचारलंस. मी म्हणालो कागद कुठं ठेवलाय, शोधून देतो. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग माझ्या डोक्यातून ती संख्याच गेली.

तुझ्या डोक्यातून गेली नाही. पण तू बोलायला लागलास ते मला भलतंच वाटायचं. कुणी विचारलं, "यशवंत, तुझा तो नंबर काय म्हणतो?" की तू म्हणायचास, "माझ्या बाजूनं एकांडा हाय." दर वेळी हेच शब्द. मला ते खटकायचं. मी मास्तर, मला चूक सुधारल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा बाळापूरच्या स्टँडावर चहाच्या टपरीत चार जणांसमोर मी तुला धरलं. म्हणालो, "अरे, संख्या म्हणजे काय शेताचा बांध आहे का, की या बाजूनं असा आणि त्या बाजूनं तसा? एक तर ती मूळ असते नाहीतर नसते. गणितात बाजू नसते." देशमुख सर हसले, टपरीवाला हसला. तूही हसलास. चहाची बशी खाली ठेवून म्हणालास, "बराबर हाय गुरुजी. तुमच्या बाजूचं तुमी सांगा, माझ्या बाजूचं म्या सांगून राहिलो." आणि उठून गाडीची घंटी वाजवलीस.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सांगितलं होतं की अर्धवट शिक्षणाचं हे असं असतं. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितो आहे. ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

आणखी एक लिहायचं आहे. तू मला घरी जेवायला चार वेळा बोलावलंस. एकदा मुलीच्या बारशाला, एकदा नवीन खोली बांधलीस तेव्हा, दोनदा सहज. पहिल्यांदा माझं पोट बिघडलं होतं, दुसऱ्यांदा पाहुणे आले होते, तिसऱ्यांदा काय सांगितलं ते विसरलो. चौथ्यांदा तूच वाक्य अर्धं सोडलंस. तुझ्या वस्तीत जाऊन भाकर खाल्ली तर आळीत काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात होता. वर्गात समतेवर बोलणाऱ्या माणसाच्या मनात होता. तू मला नऊ वर्षं 'तुमी' म्हणालास, मी तुला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणालो, आणि आताही तसंच लिहितो आहे, कारण एवढ्या उशिरा बदललं तर तेही एक नाटक होईल.

तुला कावीळ झाल्याचं मला दुसऱ्या कंडक्टरकडून कळलं. नांदेडच्या दवाखान्यात नेलंय, येईल बरा होऊन, असं तो म्हणाला. मी भेटायला जायचं ठरवत होतो. ठरवण्यात तीन आठवडे गेले आणि तू गेलास.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा निरोप तुझ्या भावानं आणला. चार शब्द बोला म्हणाला, तुमचं नाव दादा लई घ्यायचा. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी तुझ्या घरी आलो. तुझ्या बायकोनं, गयाबाईंनी, पाणी दिलं. मी त्यांना पहिल्यांदाच वहिनी म्हणालो, आणि त्यांनी पदर सावरत विचारलं, "तुमीच का गुरुजी? मला वाटलं लई म्हातारे असतान."

मी दाराकडे तोंड करून बसलो होतो. चौकटीच्या वर भिंतीवर वीतभर रुंद निळी पट्टी रंगवलेली होती, कडेनं पांढरी रेघ, आणि आत काहीच नव्हतं. रंग ताजा दिसत होता. मी विचारलं, इथं काही लिहायचं होतं का?

"तुमचा नंबर लिव्हायचा व्हता," त्या म्हणाल्या. "ते तिकिटाचा. चार सालापासून पट्टी तशीच हाय. दर साली भिंती सारवल्या की पट्टी नवी करायचे, मधात रिकामं ठिवायचे. म्या लई बार इचारलं, काहून लिव्हत न्हाई? तं म्हणायचे, गुरुजीचा कागद येऊ दे. अर्धाच तपासून झालाय, अर्ध्यावर कसं लिव्हावं?"

त्याच पुढे म्हणाल्या, "म्या म्हणलं, मंग मागा की त्यांना. तं म्हणे, दोनदा मागितला. आता मागितला तं त्यांना तकलीफ हुईल. त्यांच्यावर शाळा हाय."

मग त्यांनी आतून वही आणली. मधल्या पानावर वर तो नंबर, त्याला तिकीट चिकटवलेलं, खाली दोन रकाने. डावीकडे 'मी', चौऱ्याऐंशी भाजक आणि चौऱ्याऐंशी बाक्या. उजवीकडे 'गुरुजी', चौऱ्याऐंशी भाजक आणि पुढची जागा कोरी. फक्त तळाला, नऊशे सत्त्याण्णवच्या पुढे, तू आठशे सत्तेचाळीस लिहिलं होतंस.

यशवंता, मी जेवढं केलं होतं तेवढंच तू माझ्या नावावर लिहिलंस. एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. तुला त्याच दिवशी गाडीत कळलं होतं. चौऱ्याऐंशी भागाकार केलेल्या माणसाला बरोबर कळतं की न केलेला माणूस कोणती बाकी सांगतो. माझे भागाकार तू स्वतः अकरा दिवसांत उरकले असतेस, ते तुला जड नव्हते. तू केले नाहीस, कारण तो माझा वाटा होता. आणि लोकांना सांगताना माझं नाव खाली पडू न देता, स्वतः खोटं न बोलता, जेवढं खरं तेवढंच तू चार वर्षं सांगत राहिलास. त्यावर मी तुला चारचौघांत गणित शिकवलं.

गयाबाई विचारत होत्या, "आता लिहून घिऊ का पेंटरकडून? उद्या लोक येतेल. त्यांची विच्छा व्हती."

'घ्या लिहून' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मेलेल्या माणसाची इच्छा, बाईचं समाधान, आणि नऊ लाखांच्या घरातली संख्या कळमनुरीत कोण तपासायला जातंय. चार वर्षांपूर्वी गाडीत तोंडातून जसं निघालं होतं तसंच निघालं असतं. मी म्हणालो, "वहिनी, पेन्सिल आहे का?"

तुझ्या चटईवर बसून मी माझ्या वाट्यातला पहिला भागाकार मांडला. चारशे एकोणचाळीस. दोनदा गेले, परत दोनदा गेले, मग सातदा, मग तीनदा. आणि खाली शून्य.

मी चुकलो असेन म्हणून पुन्हा केला. मग उलट गुणाकार करून पाहिला. चारशे एकोणचाळीस गुणिले दोन हजार दोनशे त्र्याहत्तर, नऊ लाख सत्त्याण्णव हजार आठशे सत्तेचाळीस. तुझा शेवटचा भाजक चारशे तेहेतीस होता. त्याच्या पुढची मूळ संख्या ही, माझ्या यादीतली पहिली. तीन संध्याकाळींची गरज नव्हती. मी घडी उघडून एकच भागाकार केला असता, हेडमास्तरांच्या ओसरीवर पानं वाटली जात असताना केला असता, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत तुला सांगता आलं असतं. तू हिरमुसला असतास आणि बाळापूर यायच्या आत दुसरा नंबर शोधला असतास. चार वर्षं रिकामी पट्टी रंगवत बसला नसतास.

गयाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं, "वहिनी, हा नंबर एकांडा नाही. याला भाग जातो."

त्यांनी वहीतल्या तुझ्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे त्यांचं चुकलं व्हतं का?"

"त्याचं काही चुकलं नाही. त्याचे सगळे बरोबर आहेत. मी माझे केलेच नव्हते. केले म्हणून खोटं सांगितलं होतं."

मला वाटलं त्या रागावतील, निदान उठून आत जातील. त्यांनी वही माझ्या पुढ्यात सरकवली. "मंग आता करा," म्हणाल्या. "भाकर टाकते, तवर हुईल तेवढं करा."

एक भाजक लागल्यावर पुढचे भागाकार करायची गणितात गरज नसते, हे तुला माहीत आहे. तरी मी केले. तुझ्या घरची ज्वारीची भाकर आणि पिठलं खाल्लं आणि ऊन उतरेपर्यंत करत राहिलो. सगळे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं, तेव्हा भाषण न करता हीच हकिकत सांगितली. देशमुख सर मान खाली घालून बसले होते. नंतर चार दिवस रोज शाळेतून उतरलो की तुझ्या चटईवर बसून मी उरलेले पुरे केले.

पट्टीवर अजून काही लिहिलेलं नाही. तुझ्या मुलीला ती निळी रिकामीच आवडते. वही मात्र आता भरली आहे. तू टपरीत म्हणाला होतास ते मी थट्टेवारी नेलं होतं, म्हणून त्याचं उत्तर राहून गेलं. माझ्या बाजूचं सांगतो. चारशे एकोणचाळीस, बाकी शून्य. पुढचे त्र्याऐंशी तपासले, त्यांतला एकही लागत नाही. तुझ्या बाजूनं ती एकांडीच आहे.